निकाहचा पाहुणा आणि त्याचा पोशाख

लग्नसराई आली की सातारा-सांगलीकडील मुस्लिम घरांत निमंत्रणे येऊ लागतात. आज कऱ्हाडला निकाह, तर उद्या मिरजेत वलीमा. प्रत्येक निमंत्रणाबरोबर घरात एक प्रश्न उभा राहतो : कोणते कपडे घालावेत?

पवित्र कुरआनच्या सूरह अल्-आराफमध्ये (७:२६) पोशाखाचे दोन हेतू सांगितले आहेत : लज्जारक्षण आणि शोभा. त्याचबरोबर तक्वा अर्थात ईशभीतीचा पोशाख सर्वोत्तम ठरविला आहे. पुढे (७:३१) इबादतीच्या वेळी शोभा धारण करण्याचा आदेश आहे आणि उधळपट्टीस मनाई आहे. म्हणजेच नीटनेटके, सुंदर दिसणे निषिद्ध नाही. मर्यादा ओलांडणे निषिद्ध आहे.

ही मर्यादा केवळ स्त्रियांसाठी आहे, असा समज आपल्यात रूढ आहे. सूरह अन्-नूरमध्ये मात्र नजर खाली ठेवण्याची आज्ञा प्रथम पुरुषांना आहे (२४:३०), नंतर स्त्रियांना (२४:३१). आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रेशीम व सोने पुरुषांसाठी वर्ज्य ठरविले. तेव्हा बहिणीच्या पदराची चौकशी करणाऱ्या भावाने आपल्या गळ्यातील सोन्याची साखळीही पाहावी आणि परस्त्रियांकडे मोबाइलचा कॅमेरा रोखू नये.

आपल्याकडील अनेक माता-भगिनी साडी नेसतात. साडी की सलवार-कमीज, हा वादाचा विषय नव्हे. कापड पारदर्शक वा अंगाला घट्ट नसावे, पोट-पाठ झाकलेली असावी, डोके आणि छाती पदराने वा ओढणीने नीट झाकलेली असावी. या अटी साध्या सुती साडीतही पूर्ण होतात. उलट, भारी बुरखाही मिरविण्यासाठी घातला तर त्याचा हेतूच हरपतो.

येथे एका गोष्टीचा विचार करा. आपल्या मोहल्ल्यातील एखादी भगिनी ‘बरे वाटत नाही’ असे सांगून लग्नाला येण्याचे टाळते. खरे कारण एवढेच असते की, चारचौघींत नेसावी अशी साडी तिच्यापाशी नसते. आपल्या झगमगाटाने तिचा उंबरा अडविला, तर आपण नखशिखांत झाकलेले असूनही हया पाळली, असे कसे म्हणावे?

प्रेषितांनी (स.) स्त्रियांना ईदगाहाकडे येण्यास सांगितले, तेव्हा विचारले गेले की, एखादीजवळ अंगावर घेण्याची चादरच नसेल तर? तिच्या सोबतिणीने आपली चादर तिला द्यावी, असे त्यांनी सांगितले. हजरत उम्मे अतिया (रजि.) यांची ही हदीस सहीह बुखारीत आहे. चादर नाही म्हणून तिला घरी बसविले गेले नाही. जिच्याकडे होती तिच्यावर जबाबदारी टाकली गेली.

म्हणून पुढील निमंत्रण येईल तेव्हा कपाट उघडताना दोन प्रश्न स्वतःला विचारा : या पोशाखाने माझी लज्जा राखली जाते का? आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या गरीब पाहुण्याची मान ताठ राहते का? अल्लाह आपणा सर्वांना तक्वाचा पोशाख लाभो. आमीन.