शटर वर जाण्याआधीची फेरी

पब, लाउंज किंवा नाइट क्लबच्या फ्लोअर मॅनेजरने रोज संध्याकाळी, पहिला पाहुणा आत येण्याआधी मारायची ही फेरी. आठवड्यातून एकदा मालकानेही सोबत चालावं. महाराष्ट्रातल्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याने यंत्रणा बसवण्याची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर टाकली आहे. ‘ते एजन्सीकडे दिलंय’ म्हटल्याने ती उतरत नाही.

वेळ : सुमारे ४० मिनिटं.
सोबत घ्या : टॉर्च, मीटर टेप, चाव्यांचा जुडगा, पानांवर क्रमांक छापलेली नोंदवही, पेन.

१. मागच्या दारापासून सुरुवात करा
पुढच्या दाराकडे सगळ्यांचंच लक्ष असतं. मागचं दार आतून, चावीशिवाय, एका धक्क्यात बाहेरच्या बाजूला उघडतंय का बघा. तिथेच थांबू नका, रस्त्यापर्यंत चालत जा. बिअरचे रिकामे क्रेट, मोडक्या खुर्च्या, कुणाची तरी स्कूटर, असं काही वाटेत असेल, तर ते आत्ताच हलवा. ‘फुकटे घुसतात म्हणून कुलूप लावतो’ असं बाउन्सर सांगेल. फुकट्यांसाठी तिथे माणूस उभा करा आणि कुलूप तुमच्या खिशात टाका. बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह क्लबात १९४२ साली ४९२ जण गेले. पुढचं फिरतं दार माणसांनीच तुंबलं होतं आणि इतर काही दारं कुलूपबंद होती.

२. किती माणसं मावतात ते मोजा
हे काम एकदाच करायचं. टेबलांची मांडणी बदलली की पुन्हा. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या संहितेत दाटीच्या जागी माणशी ०.६५ चौरस मीटर आणि सैल बैठकीच्या जागी १.४ चौरस मीटर धरतात. डान्स फ्लोअर ८ बाय ६ मीटर असेल, तर ४८ भागिले ०.६५ म्हणजे ७३ माणसं. बैठकीची जागा ७० चौरस मीटर असेल, तर ५०. एकूण १२३. बार काउंटर आणि डीजेचा कट्टा यांची जागा आधीच वजा करा. परवान्यातला आकडा याहून कमी असेल, तर तोच खरा. तो दारावरच्या माणसाला पाठ हवा, आणि त्याच्या हातात आत-बाहेर मोजायचं यंत्रही हवं.

३. मान वर करा
छत, पडदे आणि भिंतीवरचा आवाज शोषणारा फोम बघा. सजावटवाल्याने नवं काही लावलं असेल, तर आगरोधक असल्याचं प्रमाणपत्र मागा. कागद नसेल तर ते उतरवा. अमेरिकेतल्या स्टेशन नाइट क्लबात २० फेब्रुवारी २००३ला बँडच्या आतषबाजीने फोम पेटला. जेमतेम दीड मिनिटात आत जीव तगेना. १०० जण गेले. म्हणून आत ठिणगी नाही. बाटलीवरचा स्पार्कलर नाही, ‘कोल्ड पायरो’ही नाही. नाव कोल्ड असलं, तरी ठिणगी ती ठिणगीच.

४. अंधार करा
मेन स्विच पाडा. इमर्जन्सी दिवे लगेच लागतात का, बाहेरची वाट दाखवणाऱ्या पाट्या दिसतात का? आता स्वच्छतागृहात जाऊन दार लावून घ्या आणि बाहेर पडताना डोळ्यांसमोर काय येतं ते बघा. बाणाची पाटी दिसली पाहिजे. २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्री मुंबईतल्या कमला मिलमध्ये गच्चीवर लागलेल्या आगीत १४ जण गेले. त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहात गुदमरले.

५. उपकरणं हाताळून बघा
पावडरच्या एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्यात हवा, पिन आणि सील जागेवर हवं. सीओटू सिलिंडरला काटा नसतो; त्याच्या तपासणीत वजनाची नोंद आहे का ते बघा. डीजेच्या कट्ट्यापाशी आणि विजेच्या पॅनलजवळ सीओटूच ठेवा. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा द्यावा लागतो. शेवटच्या फॉर्मची प्रत नोंदवहीला लावून ठेवा.

६. किचनमधून बाहेर पडून दाखवायला सांगा
आचाऱ्याला आणि भांडीवाल्या पोऱ्याला विचारा, ‘आग लागली तर कुठून जाशील?’ त्याला चालत जाऊ द्या. तो डान्स फ्लोअरकडे निघाला, तर वाट चुकीची. गोव्यात हडफडे इथल्या क्लबला डिसेंबर २०२५मध्ये आग लागली, तेव्हा २५ मृतांत बहुतेक कर्मचारीच होते. गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, हे किमान तिघांना माहीत हवं.

७. कामं वाटा
इशारा मिळताच डीजेने गाणं बंद करून सगळे दिवे लावायचे. रोज एकदा करून बघा. १०१ला फोन कोण करणार, बंबाला गेटवर वाट कोण दाखवणार, स्वच्छतागृहं कोण तपासणार, ते नावानिशी ठरवा. बाउन्सरना बजावा, धूर दिसला की बिल विसरायचं. ब्राझीलच्या किस क्लबात २०१३ साली २४२ जण गेले. पैसे बुडवून पळतायत असं वाटून सुरक्षारक्षकांनी सुरुवातीला लोकांना दारातच अडवलं होतं.

८. लिहा आणि सही करा
‘सर्व ठीक’ लिहू नका. ‘७.१० : मागचं दार उघडून पाहिलं, वाट मोकळी. ७.२० : दोन इमर्जन्सी दिवे बंद, इलेक्ट्रिशियन बोलावला’ असं लिहा. दुरुस्ती झाली की तीही नोंदवा. दुर्घटनेनंतर कोणाला काय माहीत होतं आणि त्याने काय केलं, याचाच शोध घेतात. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्टेशन प्रकरणात क्लबच्या एका मालकाला आणि बँडच्या टूर मॅनेजरला तुरुंगवास झाला. फोमवाल्यांपासून सरकारपर्यंत अनेकांकडून मिळालेली भरपाई सुमारे १७ कोटी ६० लाख डॉलर होती.

शटर खालीच कधी ठेवायचं
बाहेर पडायची वाट अडलेली असेल, इमर्जन्सी दिवे लागत नसतील किंवा इशारा देणारी यंत्रणा बंद असेल, तर त्या रात्री उघडू नका. शनिवार असो, मोठी पार्टी ठरलेली असो. मालक तरीही उघड म्हणाला, तर वाद घालत बसू नका. वही पुढे करा आणि सांगा, ‘इथे लिहा, उघडायला मी सांगितलं, आणि खाली सही करा.’