लक्ष्मी गेटवरचा कुत्रा घरी आणताना

झाशीच्या जुन्या तटबंदीतल्या लक्ष्मी गेटातून लोक लक्ष्मी तलावाकडे, महालक्ष्मीच्या दर्शनाला जातात. त्या वाटेवर लंगडणारा कुत्रा दिसला आणि मन द्रवले, तर पुढचे वाचा.

काय करावे

• घरातल्या सगळ्यांचा होकार घ्या. कुत्रा बारा-चौदा वर्षे जगतो. आजीला नको असेल तर थांबा.

• महापालिकेत अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशानुसार भटका कुत्रा असा दत्तक घेता येतो; तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची.

• आधी पशुवैद्य, मग घर. गोचीडतापासाठी रक्त तपासा, जंताचे औषध द्या, रेबीजची लस टोचा. कानाला काप असेल तर नसबंदी झालेली आहे.

• तीन पायांच्या कुत्र्याचे वजन वाढू देऊ नका. उरलेल्या सांध्यांवर सगळा भार येतो. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरा.

• आंधळ्या कुत्र्याच्या घरात खाट आणि पाण्याचे भांडे जागचे हलवू नका. हात लावण्याआधी नावाने हाक मारा.

• बहिऱ्याला हाताच्या खुणा शिकवा. बाहेर पट्टा कधीही सोडू नका. त्याला हॉर्न ऐकू येत नाही.

• मागचे पाय लुळे असतील तर बहुधा लघवीवरही ताबा नसतो. दिवसातून तीन-चार वेळा पोट हलके दाबून मूत्राशय रिकामे करावे लागते. पशुवैद्यासमोर दोनदा स्वतः करून शिका. लघवी तुंबली की संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो. अंथरूण मऊ आणि कोरडे ठेवा, कूस बदलत राहा, नाहीतर कातडी सोलून जखमा होतात. दिवसभर घराला कुलूप असणाऱ्यांनी असा कुत्रा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काय टाळावे

• दुखतेय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देणे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेटही नको.

• मे महिन्यात दुपारी फिरवणे. बुंदेलखंडात पारा ४५ अंशांवर जातो, डांबराने पंजे भाजतात. पहाटे न्या, नाहीतर रात्री.

• आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडणे.

• पहिल्याच दिवशी अख्खा शेजार दाखवायला बोलावणे. त्याला एक शांत कोपरा द्या. पहिले काही दिवस तो खाणार नाही, लपेल. चालते.

• लसीकरण आणि नसबंदी झालेला, गल्लीत सुखाने राहणारा कुत्रा उचलून आणणे. त्याला घर आहे. ज्याला रस्त्यावर जगणेच शक्य नाही, त्याला आणा.

• चावल्यावर हळद, मिरची किंवा चुना लावणे. वाहत्या पाण्यात साबणाने १५ मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

• जमले नाही म्हणून गुपचूप गेटपाशी सोडून येणे. ज्यांच्याकडून आणला त्यांना सांगा आणि दुसरे घर मिळेपर्यंत सांभाळा.