सोडियममध्ये 'एन' कुठून आला?

सातवीतली गोष्ट. विज्ञानाच्या चाचणीत दहा मूलद्रव्यांच्या संज्ञा लिहायच्या होत्या. मी सोडियमसमोर 'एस ओ' लिहिलं, पोटॅशियमसमोर 'पी' आणि आयर्नसमोर 'आय'. दहापैकी चार गुण मिळाले. 'पी' फॉस्फरसची आणि 'आय' आयोडीनची, हे नंतर समजलं. "असं का?" विचारल्यावर उत्तर आलं, "कारण वगैरे काही नाही, पाठ करायचं." मी चौथीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पाचवीत इंग्रजीत आले होते. मला वाटलं, माझं इंग्रजीच कच्चं आहे, म्हणून जमत नाही. विज्ञान आपलं नव्हे, हे मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं.

कॉलेजमध्ये शब्दांची व्युत्पत्ती शिकताना कळलं की कारण होतं, आणि ते भाषेचं होतं. आपल्यापैकी कितीतरी जण धाकट्या भावंडांना किंवा शिकवणीच्या मुलांना शिकवतात. त्यांच्यासाठी हा लेख. (संज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत.)

संज्ञा कुठल्या भाषेतल्या?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडचा जॉन डाल्टन मूलद्रव्यांसाठी वर्तुळं काढायचा. कुणात ठिपका, कुणात रेघ, कार्बनचं वर्तुळ पूर्ण काळं. हे छापायलाही कठीण आणि लक्षात ठेवायलाही. स्वीडनच्या बर्झेलियसने १८१३-१४च्या सुमारास सोपी पद्धत सुचवली. मूलद्रव्याच्या लॅटिन नावाचं पहिलं अक्षर घ्यायचं, आणि दोन नावं एकाच अक्षराने सुरू होत असतील तर आणखी एक जोडायचं. लॅटिनच का? कारण ती तेव्हा युरोपातल्या विद्वानांची सामाईक भाषा होती. मला लॅटिन माहीत होती ती चर्चच्या गायनवृंदातली. ती विज्ञानाच्या पुस्तकातही बसली आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आज ११८ मूलद्रव्यं माहीत आहेत. त्यांपैकी फक्त ११ मूलद्रव्यांची संज्ञा इंग्रजी नावाशी जुळत नाही. म्हणजे घोकण्याचा डोंगर मुळात अकरा पायऱ्यांचाच आहे!

हंफ्री डेव्हीने १८०७ मध्ये सोडियम आणि पोटॅशियम वेगळे केले. इंग्रजी नाव 'सोडा'वरून पडलं, तर संज्ञा आली 'नॅट्रियम' या लॅटिन नावावरून. जर्मन भाषेत आजही सोडियमला नाट्रियुमच म्हणतात, त्यामुळे तिथल्या मुलाला 'एन ए' सहज वाटतं. पोटॅशियमची गोष्ट आणखी गमतीची. 'पॉट' आणि 'ॲश', म्हणजे भांडं आणि राख, यांवरून इंग्रजी नाव. 'के' ही संज्ञा 'कॅलियम'वरून, आणि त्याच्या मुळाशी अरबी 'अल-कली', म्हणजे वनस्पतींची राख. दोन्हीकडे राखच! आपल्या आज्या चुलीतल्या राखेने तेलकट भांडी घासायच्या, त्या राखेत पोटॅशियमचाच क्षार असतो.

घरात ओळखीची मूलद्रव्यं

सोनं, चांदी, तांबं, लोखंड, कथील, शिसं आणि पारा. हे सात धातू माणसाला प्राचीन काळापासून ठाऊक आहेत, म्हणून प्रत्येक भाषेत त्यांना स्वतःचं नाव आहे. त्या अकरांपैकी सात नेमके हेच. लॅटिनमध्ये लोखंड म्हणजे 'फेरम', म्हणून 'एफ ई'. शिसं म्हणजे 'प्लंबम', म्हणून 'पी बी'. रोमन लोकांचे पाण्याचे नळ शिशाचे असत, त्यावरूनच नळवाला प्लंबर झाला. पाऱ्याचं लॅटिन नाव 'हायड्रार्जिरम', म्हणजे पाण्यासारखी चांदी, म्हणून 'एच जी'. तांब्याचं 'क्युप्रम' हे नाव सायप्रस बेटावरून आलं.

तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करतात, ती कथलाची. आंबट पदार्थ भांड्यात कळकू नये म्हणून हा थर. कल्हई पाहिलेल्या मुलाला कथील नवं नसतं, त्याला फक्त 'स्टॅनम' आणि 'एस एन' सांगायचं उरतं.

शेतकऱ्याच्या घरातलं मूल तर आणखी पुढे असतं. खताच्या पोत्यावर १०:२६:२६ असे आकडे असतात, ते नत्र, स्फुरद आणि पालाश या क्रमाने. म्हणजेच 'एन', 'पी', 'के'. शेतावर रोज वापरलेली गोष्ट वर्गात मात्र परकी होते.

इथे जपून

पहिला सापळा लिपीचा. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, त्यामुळे मराठीतून आलेल्या मुलाला हा फरक बारीक वाटतो. पण 'सी' मोठा आणि 'ओ' लहान असेल तर तो कोबाल्ट, एक मूलद्रव्य. दोन्ही मोठी असतील तर कार्बन मोनॉक्साइड, एक विषारी वायू.

दुसरा सापळा शब्दाचा. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच! असतं ग्राफाइट, म्हणजे कार्बन.

तिसरा शेजारच्या भाषेचा. मराठीत 'अणू' म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण, आणि अणू जोडले गेले की 'रेणू'. हिंदीत पहिल्याला 'परमाणु' आणि दुसऱ्याला 'अणु' म्हणतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली मुलं इथे हमखास गोंधळतात. नावं भाषेगणिक बदलतात, म्हणून तर सगळ्यांना चालणारी संज्ञा लागते.

शिकवायचं कसं?

आधी घरातली वस्तू दाखवा आणि तिचं मराठी नाव विचारा. मग इंग्रजी नाव सांगा. संज्ञा जुळली नाही तर तिसरं, लॅटिन नाव सांगा. संज्ञा सगळ्यात शेवटी लिहायला लावा. पाठांतर करावं लागेलच, पण ते समजून केलेलं असेल.

मागच्या महिन्यात शेजारच्या सातवीतल्या मुलाला असंच शिकवत होते. त्याने विचारलं, "ताई, टंगस्टनला 'डब्ल्यू' का?" मी सांगितलं, "त्याचं दुसरं नाव वुल्फ्राम, जर्मन आहे ते." त्याने वहीच्या कडेला ते लिहून घेतलं. "कारण वगैरे काही नाही" असं मला म्हणावं लागलं नाही.