पावसाने ओढ दिली तर वीज कोठून?
नवीकरणीय विजेवर चालणाऱ्या देशांचा अनुभव

वीज कशापासून निर्माण करावयाची, हा प्रश्न प्रत्येक देशाने आपापल्या भूमीकडे पाहून सोडविला आहे. ज्यांच्याकडे दगडी कोळसा होता त्यांनी तो जाळला. ज्यांच्याकडे खनिज तेल वा वायू होता त्यांनी त्यावर जनित्रे चालविली. परंतु जगात असेही काही देश आहेत, की जे आपल्या विजेचा बहुतांश भाग वाहते पाणी, वारा व भूगर्भातील उष्णता अशा पुन्हा पुन्हा भरून येणाऱ्या साधनांपासून मिळवितात. नॉर्वे, आइसलँड, पॅराग्वे, कोस्टा रिका, उरुग्वे आणि आपला शेजारी भूतान ही त्यांतील ठळक नावे होत.

या देशांना निसर्गाने पाणी वा डोंगर दिले, एवढे म्हणून हा विषय संपत नाही. पाऊस दरवर्षी सारखा पडत नाही, वारा सांगून येत नाही आणि धरणाखाली जाणारी जमीन कोणाची तरी असते. या तीन अडचणींना त्यांनी कसे तोंड दिले, हे अभ्यासण्याजोगे आहे.

वीज आणि ऊर्जा

प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. एखाद्या देशाची सर्व वीज नवीकरणीय असली, तरी त्याची सर्व ऊर्जा तशी असतेच असे नाही. वाहनांचे इंधन, कारखान्यांतील भट्ट्या व घरातील चूल यांचा हिशेब वेगळा असतो.

पॅराग्वे हे याचे बोलके उदाहरण होय. पराना नदीवरील इताइपू धरणाचा करार ब्राझील व पॅराग्वे यांच्यात १९७३ मध्ये झाला आणि १९८४ मध्ये तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. आज तेथे प्रत्येकी ७०० मेगॅवॉटची २० जनित्रे, म्हणजे एकूण १४,००० मेगॅवॉट स्थापित क्षमता आहे. निम्म्या विजेवर पॅराग्वेचा हक्क. मात्र देश लहान असल्याने त्यातील मोठा भाग अनेक दशके ब्राझीलला देण्यात आला. पॅराग्वेची जवळजवळ सर्व वीज अशी पाण्यापासून निर्माण होते. तरीही तेथील अनेक घरांत व उद्योगांत सरपण आणि लोणारी कोळसा अद्याप जळतो. वीज मुबलक असणे आणि ती चुलीपर्यंत पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साठ्याचे बळ

नॉर्वेची सुमारे नऊ दशांश वीज पाण्यापासून आणि उर्वरित बहुतेक वाऱ्यापासून मिळते. तेथील डोंगरांत एक हजाराहून अधिक जलाशय आहेत. ते सर्व भरलेले असता त्यांत देशाच्या वार्षिक वीजवापराच्या निम्म्याहून अधिक वीज देईल इतके पाणी साठलेले असते. वसंतात व उन्हाळ्यात वितळणारे बर्फ साठवावयाचे आणि कडाक्याच्या हिवाळ्यात, मागणी वाढते तेव्हा, ते पाणी जनित्रांवर सोडावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. कोठारात भरून ठेवलेल्या धान्यासारखाच हा साठा काटकसरीने वापरावा लागतो. २०२२ मध्ये दक्षिण नॉर्वेतील जलाशयांची पातळी खालावली, युरोपातील वीजदरही भडकले, आणि एवढ्या संपन्न देशातही वीज निर्यातीवर मर्यादा घालावी काय, याची चर्चा सुरू झाली.

ज्या नद्यांवर असा साठा नाही, तेथे ऋतुमानाप्रमाणे वीज वाढते व घटते. भूतानमधील ३३६ मेगॅवॉटचा चुखा प्रकल्प १९८६ ते १९८८ या काळात कार्यान्वित झाला. त्याचा खर्च भारताने ६० टक्के अनुदान व ४० टक्के कर्ज या रूपाने उचलला. पावसाळ्यात भूतान आपली जादा वीज भारतास विकतो. हिवाळ्यात नद्यांचे पाणी आटते, तेव्हा त्यालाच भारताकडून वीज घ्यावी लागते.

एकाच साधनावरील भिस्त

मोठा जलाशय असला म्हणजे सर्व निभावते असेही नाही. आफ्रिकेतील झांबिया हा देश आपल्या विजेसाठी मुख्यतः पाण्यावर, त्यातही झांबेझी नदीवरील करिबा धरणावर विसंबून आहे. करिबा हा जगातील सर्वांत मोठ्या मानवनिर्मित जलाशयांपैकी एक आहे. २०२४ च्या तीव्र अवर्षणात तो इतका उतरला, की देशाच्या अनेक भागांत दिवसाचे बहुतेक तास वीज बंद ठेवावी लागली. दळणाच्या गिरण्या, शीतगृहे व लहान कारखाने यांना त्याचा जबर फटका बसला.

कोस्टा रिकाने १९४९ मध्ये राष्ट्रीय वीज संस्था स्थापन केली आणि नद्यांबरोबरच ज्वालामुखी प्रदेशातील भूगर्भीय वाफेचाही उपयोग केला. तेथील कोरड्या ऋतूत व्यापारी वारे जोराने वाहतात. म्हणजे नद्या मंदावतात तेव्हा पवनचक्क्या साथ देतात. २०१५ पासून अनेक वर्षे देशाची ९८ टक्क्यांहून अधिक वीज नवीकरणीय होती. तरीही एल निनोच्या प्रभावामुळे मे २०२४ मध्ये तेथे वीज कपात जाहीर करण्याची पाळी आली. पावसाने वेळेवर हजेरी लावल्याने ती टळली.

उरुग्वेचा मार्ग

या संदर्भात दक्षिण अमेरिकेतील उरुग्वेचा अनुभव विशेष उद्बोधक आहे. सुमारे ३५ लाख लोकवस्तीच्या या देशात कोळसा नाही, तेलही नाही. धरणांसाठी सोयीच्या जागा पूर्वीच वापरल्या गेल्या होत्या. पाऊस कमी झाला, की तेल वा वीज बाहेरून विकत घ्यावी लागे आणि सरकारी तिजोरीवर भार पडे.

२००८ मध्ये दीर्घ मुदतीचे ऊर्जा धोरण आखण्यात आले. भौतिकशास्त्रज्ञ रामोन मेंदेस हे त्या वेळी राष्ट्रीय ऊर्जा संचालक होते. २०१० मध्ये संसदेतील सर्व प्रमुख पक्षांनी या धोरणास संमती दिली. त्यामुळे सरकार बदलले तरी धोरण टिकले. पारेषणाचे जाळे सरकारी वीज कंपनीकडेच राहिले. पवनचक्क्यांसाठी निविदा मागवून खाजगी गुंतवणूकदारांशी वीस वर्षांच्या वीजखरेदीचे करार करण्यात आले. वीज ठरलेल्या दराने घेतली जाणार, याची शाश्वती मिळाल्याने भांडवल उभे राहिले. पूर्वी जवळजवळ नसलेली पवनऊर्जा दहा वर्षांच्या आत सुमारे १,५०० मेगॅवॉटपर्यंत पोहोचली. लाकूड व कागदाच्या लगद्याच्या उद्योगातील टाकाऊ पदार्थांपासूनही वीज मिळू लागली.

यातील तांत्रिक मर्म साधे आहे. वारा वाहत असतो तेव्हा धरणाचे पाणी राखून ठेवावयाचे आणि वारा पडला की तेच पाणी जनित्रांवर सोडावयाचे. शिवाय औष्णिक केंद्रे मोडीत न काढता अडचणीच्या वेळेसाठी सज्ज ठेवण्यात आली. २०२२-२३ मधील अवर्षण इतके भीषण होते, की राजधानी माँतेव्हिदेओच्या नळांना मचूळ पाणी आले. तरीही त्या काळात देशाची सुमारे ९० टक्के वीज नवीकरणीय साधनांपासूनच मिळाली.

उष्णतेचा थेट उपयोग

आइसलँडमध्ये साधारणतः ७० टक्के वीज पाण्यापासून व ३० टक्के भूगर्भातील वाफेपासून निर्माण होते. मात्र त्या देशाचा खरा विशेष विजेपलीकडचा आहे. १९३० मध्ये राजधानी रेक्याविकमध्ये गरम झऱ्यांचे पाणी नळांवाटे एका शाळेत आणि काही घरांत खेळविण्यात आले. १९७३ मध्ये तेलाच्या किमती भडकल्यावर या योजनेचा झपाट्याने विस्तार झाला. आज सुमारे नऊ दशांश घरे अशा पाण्याने उबदार राहतात. जे काम उष्णतेने थेट होते, त्यासाठी वीज खर्ची घालण्याचे कारण नाही, हे त्यातून दिसून येते.

लाभ कोणाला, झीज कोणाला?

नवीकरणीय वीज धूर सोडत नाही. पण ती जागा व्यापते. इताइपूच्या जलाशयात १९८२ मध्ये ग्वाइरा हे प्रचंड धबधबे कायमचे बुडाले. नॉर्वेच्या उत्तर भागातील आल्टा नदीवरील प्रकल्पास रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांनी १९७९ पासून तीव्र विरोध केला. धरण झाले, परंतु त्या आंदोलनातून सामींच्या हक्कांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९८९ मध्ये त्यांची स्वतंत्र प्रतिनिधिसभा अस्तित्वात आली. पुढे फोसेन येथील पवनचक्क्यांचे परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करणारे असल्याने अवैध आहेत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. चक्क्या तोपर्यंत उभ्या राहिल्या होत्या. पुढील तडजोडीस २०२४ उजाडले.

याच देशातील दुसरी बाजूही ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. १९१७ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना दिलेले जलविद्युत परवाने मुदतीचे ठरले. मुदत संपताच प्रकल्प विनामोबदला शासनाकडे यावा, अशी तरतूद झाली. ज्यांच्या हद्दीतील पाणी वापरले जाते त्या स्थानिक संस्थांना वार्षिक शुल्क मिळते आणि विजेचा १० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा उत्पादन खर्चाच्या दराने घेण्याचा त्यांना हक्क असतो. नदी ज्या गावातून वाहते, त्या गावाचा तिच्या उत्पन्नात वाटा असावा, हे तत्त्व त्यामागे आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

महाराष्ट्राची बहुतांश वीज आजही कोळशापासून मिळते. तरीही या देशांशी राज्याचा काही प्रत्यक्ष संबंध आहे. १,९६० मेगॅवॉटच्या कोयना प्रकल्पात १९९९ व २०१२ मध्ये जलाशयाच्या तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक स्फोटाने उडविण्यात आला. ‘लेक टॅपिंग’ नावाने परिचित झालेले हे तंत्र नॉर्वेमध्ये विकसित झाले होते. मात्र कोयनेचे वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळविलेले पाणी पूर्वेकडील शेतीस मिळत नाही. म्हणूनच कृष्णा पाणीवाटप लवादाने त्यावर वार्षिक ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. घाटघरच्या २५० मेगॅवॉटच्या उदंचन प्रकल्पात जादा विजेने पाणी वर चढविले जाते आणि मागणीच्या वेळी तेच खाली सोडून वीज मिळविली जाते. सौर व पवन वीज वाढत जाईल तसतशी अशा साठ्याची गरजही वाढत जाणार आहे.

या सर्व देशांची भूमी, लोकसंख्या व गरजा भिन्न आहेत. त्यांचे अनुकरण जसेच्या तसे होऊ शकणार नाही. परंतु एक गोष्ट सर्वत्र समान दिसते. ज्यांनी चांगल्या पावसाचे वर्ष गृहीत धरून योजना आखली, ते अवर्षणात अंधारात गेले. ज्यांनी वाईट वर्षाचा हिशेब आधी मांडला, साधने एकमेकांना पूरक निवडली आणि ज्यांची जमीन व पाणी घेतले त्यांना लाभात सहभागी करून घेतले, त्यांचे दिवे अवर्षणातही तेवत राहिले आणि त्यांच्या योजनांना गावांची साथ मिळाली.