मांजराची सर्दी हटत नसेल तर...

मांजराला सर्दी झाली की चार दिवस प्रतिजैविके देऊन लोक मोकळे होतात. पण एकाच नाकपुडीतून स्राव, नाकाच्या हाडावर सूज आणि गोळ्यांनी काडीचा फरक नाही, असे मांजर आले की मला क्रिप्टोकोकस या बुरशीची शंका येते. ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत वाढते. स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बहुधा उलगडा होतो. यावर इट्राकोनॅझोल खाण्याबरोबर द्यावे लागते, तेही कित्येक महिने. मधूनमधून यकृताची तपासणी हवी. खरी अडचण पुढेच आहे. काही आठवड्यांत सूज उतरते, शिंका थांबतात आणि मालक औषध बंद करतात. (खर्च पाहता त्यांना तरी काय बोलावे?) बुरशी मात्र आत शिल्लक असते, रोग उलटतो, कधी मेंदूपर्यंत पोचतो. तेव्हा पशुवैद्यकाने सांगितल्याखेरीज गोळी थांबवू नका. आणि हा रोग मांजरापासून घरच्यांना लागत नाही, त्या भीतीने त्याला घराबाहेर काढू नका.