रिनाइस करण्याआधी

चि. मुग्धास,


तुझा मेल वाचला. रात्रीचा अहवाल सुरू झाला की पेमेंट रखडतात, म्हणून अहवालाच्या प्रोसेसला रिनाइस करून, म्हणजे तिचं प्राधान्य उतरवून, थेट १९ वर ढकलायचं तुझ्या मनात आहे. तूर्त ते करू नकोस.

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनमागे एक वेगळी प्रोसेस असते, हे तुला माहीत आहेच. लिनक्सच्या हिशेबात नाइस ० चं वजन १०२४ आणि नाइस १९ चं अवघं १५. एकाच कोअरवर पेमेंटची आणि अहवालाची प्रोसेस समोरासमोर आल्या, तर अहवालाच्या वाट्याला जेमतेम दीड टक्का वेळ येतो. तुला हेच हवंय, नाही का? पण अहवाल डेटा वाचताना शेअर्ड बफरमधल्या पानांवर क्षणभराची लॉक्स घेत असतो. नेमक्या त्या क्षणी त्याला सीपीयूवरून उतरवलं, तर लॉक त्याच्याच हातात राहतं आणि ते पान बदलायला आलेलं पेमेंट ताटकळतं. अहवालाची पाळी तर आता लवकर येणार नाही, कारण ती तूच मागे ढकललीस! लग्नघरात कोठीची किल्ली जिच्या कमरेला, तिलाच झोपायला पाठवावं, तसं हे. पोस्टग्रेसची ही लॉक्स त्याच्या स्वतःच्या शेअर्ड मेमरीत असतात. ती कुणाकडे आहेत हे कर्नलच्या शेड्यूलरला दिसतच नाही. त्याला दिसतात फक्त धावायला तयार असलेल्या प्रोसेस.

हे आंधळेपण कर्नल लिहिणाऱ्यांनाही चकवतं. २०१२ साली लिनक्स ३.६ तयार होत असताना, जागी झालेली प्रोसेस कोणत्या कोअरवर ठेवायची याचा शोध आखडता घेणारा एक बदल झाला. हेतू चांगला होता, पण पोस्टग्रेसचा वेग मोजणाऱ्या पीजीबेंचचे आकडे सुमारे वीस टक्क्यांनी घसरले आणि लिनस टोरवाल्ड्सने तो बदल मागे घेतला. शेड्यूलर कोळून प्यायलेल्यांची ही गत, तर आपण जपूनच असावं.

तू पाठवलेली ती सिससीटीएलची ओळ, मायग्रेशन कॉस्ट पाच लाख नॅनोसेकंदांवरून पन्नास लाखांवर नेणारी, जुन्या कर्नलवर अनेकांनी वापरली आहे. एवढ्यात धावून गेलेल्या प्रोसेसचा कॅश अजून गरम असेल असं धरून तिला दुसऱ्या कोअरवर हलवायचं टाळायचं, एवढाच तिचा अर्थ. पण कर्नल ५.१३ पासून ती सेटिंग प्रॉकमधून डीबगएफएसमध्ये गेली, आणि २०२३ च्या ६.६ मध्ये तर सीएफएस या शेड्यूलरच्या जागी ईईव्हीडीएफ आला. तेव्हा आधी तुमच्या सर्व्हरवर कोणता कर्नल आहे ते पाहा. नव्या कर्नलवर ती ओळ नुसती एरर देईल आणि फाइलमध्ये शोभेला पडून राहील.

त्यापेक्षा व्हीएमस्टॅटचा, धावायला तयार प्रोसेस मोजणारा, आर रकाना बघ. तो कोअरच्या संख्येच्या कितीतरी वर राहत असेल, तर दुखणं शेड्यूलरचं नाही, गर्दीचं आहे. सोळा कोअरवर पाचशे कनेक्शन एकदम कामाला लागली, की लॉक हातात असताना कुणीतरी उतरवलं जाण्याची शक्यता वाढतेच. पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये लाव आणि कनेक्शनचा पूल छोटा ठेव. डेव्हलपर कुरकुरतील, कारण सेशनवर विसंबलेला त्यांचा काही कोड मोडेल. तो त्यांना सुधारू दे.

अहवालाला लगाम घालायचाच, तर त्याच्या सेशनमध्ये मॅक्स पॅरलल वर्कर्स पर गॅदर शून्यावर आण. मूळ आकडा २ असतो, म्हणजे एक क्वेरी गॅदरमागे आणखी दोन प्रोसेस उभ्या करू शकते. अहवाल सावकाश होईल, पण रात्री दोन वाजता तो वाचायला कोण बसलंय?

त्याहून बरं म्हणजे तो रेप्लिकावरच हलव. फक्त तिथे मॅक्स स्टँडबाय स्ट्रीमिंग डिले मुळात तीस सेकंदांचा असतो. तो वाढवला नाहीस, तर प्रायमरीवरच्या व्हॅक्यूमशी टक्कर होऊन अहवाल अर्ध्यात रद्द होईल, आणि सकाळी तुझ्या साहेबांचा फोन येईल.

तुझा,
मामा