प्रकाशाने मोजलेले वळण

दांडीचा तांडेल होकायंत्रावर दिशा पाहतो; पण जवळच्या लोखंडाने होकायंत्र फसते. म्हणून मोठी जहाजे व विमाने प्रकाशीय जायरोस्कोपचाही आधार घेतात. काचतंतूच्या वेटोळ्यात प्रकाशाचे दोन किरण परस्परविरुद्ध दिशांनी सोडतात. वेटोळे फिरले, की एका किरणास किंचित अधिक अंतर कापावे लागते. हा परिणाम फ्रेंच शास्त्रज्ञ सान्याक यांनी 1913 साली दाखविला.

पृथ्वी ताशी 15 अंश फिरते. दांडीचा अक्षांश सुमारे 19.8, तेथे टेबलावर आडव्या ठेवलेल्या वेटोळ्यास त्यापैकी जेमतेम 5 अंश जाणवतात. तंतू 1 किलोमीटर लांब व वेटोळ्याचा व्यास 10 सेंटिमीटर असला, तरी एवढ्या फिरण्याने पडणारा वाटांतील फरक अणूच्या व्यासाहूनही लहान! तंतू लांबविल्यास वा वेटोळे मोठे केल्यास तो वाढतो.

खरा शत्रू तापमान. तंतूचे एक टोक आधी तापले, की त्या जागेवरून दोन्ही किरण वेगवेगळ्या वेळी जातात आणि यंत्र स्थिर असूनही वळल्याचा भास होतो. उपाय मात्र जाळे विणणाऱ्या हातांना सहज पटेल असा: तंतू मध्यापासून गुंडाळून, मध्यापासून समान अंतरावरचे भाग शेजारी बसवतात. ते सारखेच तापतात व चूक बरीचशी फिटते. तरीही ताशी 0.01 अंश चूक उरली, तर तासाभरात स्थान सुमारे 1 किलोमीटर ढळू शकते.